वही कोणाची, हे आधी ठरवा

वाचक भगिनीचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. वडील गेल्यानंतर जुने घर आवरताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत, पोथ्यांच्या गाठोड्याखाली, लाल रुमालात बांधलेली एक जाड मोडी वही सापडली. ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी तिची पंधरा-वीस पाने वाचून दिली. शके १७७६ पासून १७९४ पर्यंतच्या नोंदी आहेत, असे ते म्हणाले. ही वही माझ्या खापरपणजोबांची, असे वडील सांगत. खापरपणजोबा १८५७ च्या कोल्हापुरातल्या चिमासाहेबांच्या बंडात होते आणि त्यापायी दीड वर्ष तुरुंगात होते, अशी कथा आमच्या घरी चालत आली आहे. माझ्या चुलत बंधूंना मे महिन्यात भाऊबंदांचा मेळावा भरवून या वहीच्या आधारे कुलवृत्तान्त छापायचा आहे, आणि वही लॅमिनेट करून तेथे मांडायची आहे. पण वाचलेल्या पानांत बंडाचे अक्षरही नाही. मीठ, तेल, गूळ, दक्षिणा यांचेच हिशेब आहेत. शिवाय एका बाईच्या नावे दरमहा दोन रुपये दिल्याची नोंद पुन्हा पुन्हा येते, आणि ते नाव आमच्या वंशावळीत कोठेही नाही. बंधू म्हणतात, ती पाने छापायची नाहीत. घरात पणजोबांची जन्मपत्रिका आहे, ती शके १७९३ ची. या वहीवरून घराण्याचा इतिहास शोधावा कसा, आणि त्या बाईचे काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपण दोन प्रश्न विचारले आहेत. त्या दोहोंच्या आधी येणारा तिसरा प्रश्न मात्र पत्रात नाही, आणि तो म्हणजे ही वही नक्की कोणाची आहे. वडील सांगत होते, याला मान द्यावाच लागतो, परंतु जुन्या घरांच्या माळ्यांवर केवळ त्याच घरातली कागदपत्रे असतात असे नाही. गहाणाच्या निमित्ताने सावकाराकडे आलेल्या वह्या, लेकीबरोबर किंवा जावयाबरोबर आलेली दप्तरे, निपुत्रिक चुलत्याचे घर मोडल्यावर उचलून आणलेली गाठोडी, असे बरेच काही एकाच पेटीत येऊन पडते आणि दोन पिढ्यांनंतर सगळेच ‘आमच्या पूर्वजांचे’ होऊन जाते. म्हणून शोध येथून सुरू करावा, असे मी सुचवतो.

सुदैवाने त्यासाठी लागणारे साधन आपल्याच हातात आहे. पणजोबांची पत्रिका शके १७९३ ची, आणि वही १७९४ पर्यंत चालते. म्हणजे पणजोबांचा जन्म या वहीच्या पोटात येतो. पत्रिकेतला महिना आणि तिथी पाहून वहीतली तीच पाने सर्वांत आधी वाचून घ्या. सुईणीला दिलेले धान्य, पाचवीच्या पूजेचे सामान, बाराव्या दिवशीचा खर्च, पत्रिका करणाऱ्या जोशांची दक्षिणा, यांपैकी दोन-तीन गोष्टी जरी तेथे सापडल्या, तरी वही आपल्याच घरातली आहे हे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. मात्र त्या दिवसांत नेहमीचेच मीठ-मिरची लिहिलेली असेल आणि जन्माची काहीच चाहूल नसेल, तर तीन शक्यता उरतात. बाळंतपण माहेरी झाले असेल, आणि त्या वेळी तेच सर्वसाधारण होते. वही एखाद्या चुलत शाखेतल्या पुरुषाची असेल. किंवा पणजोबा या घरात दत्तक आले असतील. पहिली शक्यता खरी असेल तर बाळंतिणीला परत आणण्यासाठी जुंपलेल्या गाडीचा, बाळाच्या टोपड्या-अंगड्याचा खर्च महिना-दोन महिन्यांनी तरी दिसायला हवा. दत्तकाची शक्यता मनाला लागते, हे मला ठाऊक आहे; परंतु जुन्या घराण्यांत ती इतकी सामान्य गोष्ट होती की तिच्याकडे पाठ फिरवून कोणतीही वंशावळ नीट लागत नाही. पत्रिकेवर पित्याचे नाव असेलच. ते नाव आणि वहीतला लिहिणारा यांचा मेळ बसतो का, हे पाहायला एक संध्याकाळ पुरे.

आता वहीच्या स्वरूपाविषयी. आपल्या पत्रात मीठ-गुळाच्या हिशेबाबद्दल थोडी निराशा जाणवली. ‘डायरी’ या शब्दाबरोबर आपण मनोगताची अपेक्षा करतो. कोल्हापूरच्या इतिहासात त्या अर्थाची एक प्रसिद्ध डायरी आहेही: राजाराम महाराजांनी १८७० च्या युरोप प्रवासात ती इंग्रजीत लिहिली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाल्यावर ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परंतु ज्याला इंग्रज शिक्षक लाभला नव्हता, अशा त्या काळच्या गृहस्थाला आज काय वाटले हे लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते. आज काय आले, काय गेले आणि शिल्लक किती राहिली, हे लिहिण्याचे कारण मात्र रोज होते. आपल्याकडे आहे ती बहुधा रोजकीर्द आहे. तिच्यातल्या रकमा पुढे खातेवार मांडल्या की त्याची खतावणी होते. तीही त्याच पेटीत असेल तर शोधा, कारण खतावणीत माणसे नावानिशी एकेका पानावर भेटतात.

वाचनाला बसण्याआधी तारखांचा उलगडा करून घ्या, कारण अशा कामात सर्वाधिक चुका येथे होतात. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना माहीत असते. पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुनाच्या अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १७९८ च्या माघातली नोंद १८७६ ची नव्हे, १८७७ ची असते. शकाशेजारी बहुधा संवत्सराचे नाव असते. त्याचा उपयोग पडताळ्यासाठी करावा, कारण साठ नावांचे ते चक्र असल्याने वाळवीने आकडा खाल्ला तरी नाव साक्षीला राहते: १७७९ पिंगल, १७९० विभव, १७९३ प्रजापती. दरबारी किंवा महसुली व्यवहाराची नोंद असेल तर तेथे फसली किंवा सुहूर सन दिसेल. ही दोन्ही वर्षे मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, बदलतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत एकेक अधिक. सुहूर सन तर आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिण्याची चाल होती. ‘समान खमसैन मयातैन व अलफ’ असे दिसले तर घाबरू नये. आठ, पन्नास, दोनशे आणि हजार, म्हणजे १२५८, म्हणजे १८५७-५८. त्याच नोंदीत ‘छ’ हे अक्षर आणि पुढे आकडा आला, तर ती चंद्राची तारीख, मुसलमानी महिन्यातली. या सगळ्याचा मेळ घालण्यासाठी जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा शेजारी शेजारी मांडलेले कोष्टक, लागते; आणि आपल्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनीच एकोणिसाव्या शतकात अशी एक जंत्री तयार करून ठेवली, याचा कोल्हापूरकरांना थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. एखाद्या जुन्या ग्रंथालयात ती पाहायला मिळेल.

तारीख पक्की करण्याची आणखी एक खूण सांगतो. शके १७९० च्या श्रावण अमावास्येला, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ रोजी, खग्रास सूर्यग्रहण झाले होते. खग्रासाचा पट्टा विजापूर-जमखिंडीच्या मुलखावरून गेला आणि ते पाहण्यासाठी परदेशांतून शास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले होते. पंचगंगेच्या काठच्या शहरात असे ग्रहण स्नानदानाशिवाय गेले असणे कठीण. आपल्या वहीत त्या दिवशी दानाची रक्कम नेहमीपेक्षा मोठी असेल, तर तारखा मांडण्याची आपली रीत बरोबर आहे असे समजा. ती दुसऱ्याच दिवशी पडत असेल, तर पानांचा क्रम तपासा. जुन्या वह्यांचे बंद तुटले की पाने हवी तशी परत बांधली जातात.

मोडीविषयी थोडे सावध करतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे ‘सुत’ म्हणजे मुलगा की सूत म्हणजे दोरा, हे मागच्यापुढच्या मजकुरावरूनच ठरते. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘क॥’ म्हणजे कसबे, यांसारखे संक्षेप सतत येतात. नावापुढचे ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमुकाची बायको, हे वंशावळ शोधणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे. रकमेपुढचा एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे आपल्याला दोन रुपये वाटलेली ती दरमहाची रक्कम ‘२॥’ अशी लिहिली असेल, तर ते अडीच रुपये झाले. आपल्या मोडीवाचकांना हे माहीत असेलच, तरीही ती नोंद एकदा त्यांच्याबरोबर बसून डोळ्यांनी पाहा.

माझीच फजिती सांगतो, म्हणजे या सावधगिरीचे कारण कळेल. आमच्या घरच्या कीर्दीत दर दोन-तीन महिन्यांनी ‘घोडे यास रुपये ५’ अशी नोंद होती. घोड्याचा एवढा खर्च करणारा पूर्वज शिलेदारच असणार, असे मी ठरवले, नातेवाइकांना सांगितले, आणि एका लग्नात तर त्यावर दहा मिनिटे बोललोही. पुढे दोन वर्षांनी खतावणी हाती लागली. घोडे हे आमच्या सावकाराचे आडनाव होते आणि ते पाच रुपये व्याजाचे होते.

तर आता त्या मीठ-गुळाकडे वळू, कारण आपल्या घराण्याचा इतिहास तेथेच आहे. कीर्द लिहिणारा ‘मला तीन मुली होत्या’ असे कधीही लिहीत नाही, परंतु मुलीचे लग्न झाल्यावर येणारी पहिली दिवाळी त्याला जावयासाठी खर्च केल्याशिवाय पार पाडता येत नाही. ‘दिवाळसण’ हा शब्द ज्या कार्तिकात सापडेल, त्याच्या आधीच्या लग्नसराईत त्या घरातली एक लेक उजवली गेली. अधिक महिन्यात धोंड्याचे वाण कोणाकोणाला गेले हे पाहिले की त्या वर्षी हयात असलेल्या जावयांची यादी तयार होते, आणि जावयांची गावे कळली की मुली कोठे दिल्या हेही कळते. कार्तिक शुद्ध द्वितीयेची ओवाळणी बहिणींना जाते. एखाद्या वर्षी तीनऐवजी दोनच ओवाळण्या लिहिलेल्या असतील आणि पुढे तिसरी कधीच येत नसेल, तर मधल्या वर्षात काय घडले हे शोधायला हवे. मुंज, ओटी, डोहाळजेवण, बारसे, तेरावा असा प्रत्येक संस्कार काही ना काही पैसे खातो आणि म्हणून कीर्दीत उमटतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर येथे हजेरीपट खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो.

यात श्राद्धाच्या नोंदींना मी सर्वांत वरचे स्थान देतो. दरसाल त्याच महिन्यात, त्याच तिथीला श्राद्धाचा खर्च पडत असेल, तर ती कोणा वडीलधाऱ्याची मृत्युतिथी आहे. आणि ज्या वर्षी ती पहिल्यांदा येते, त्याच्या आदल्या वर्षी तो मृत्यू झाला आहे. भाद्रपद वद्य पक्षात महालयाची तिथी कोणती धरली आहे, हे पाहावे. अविधवा नवमीला सवाष्णीचे जेवण व चोळीखण लिहिला असेल, तर घरातली एखादी बाई नवऱ्याच्या आधी गेली आहे, बहुधा लिहिणाऱ्याची आई. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. कोठे भटजींना सांगण्यासाठी ही नावे वहीच्या मलपृष्ठावर किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवलेली सापडली, तर आपल्याला एका फटक्यात शंभर वर्षे मागे जाता येईल. घराण्याच्या आणि जातीच्या चालीप्रमाणे यात फरक पडतो, तेव्हा आपल्याकडे आजही जे पाळले जाते त्याच्याशी ताडून पाहावे. नावांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागेल. नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या आपल्या रिवाजामुळे एका आड एक पिढीत तेच नाव येते, आणि शोध घेणारा नकळत दोन माणसांचा एक माणूस करून पन्नास वर्षे गिळून टाकतो.

आता त्या बाईकडे येतो. आपल्या बंधूंनी मनाशी काय धरले आहे, ते त्यांनी न सांगताही समजते. ते खरेही असू शकेल. पण त्याआधी इतक्या साध्या शक्यता तपासायच्या राहिल्या आहेत की पाने झाकण्याची घाई कशासाठी, हे मला कळत नाही. पहिली शक्यता अशी की ती आपल्या वंशावळीत आहेच, दुसऱ्या नावाने. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे वंशावळीत सासरचे नाव येते आणि जवळची माणसे मात्र माहेरचेच नाव घेत राहतात. दुसरी शक्यता, ती लिहिणाऱ्याची विधवा बहीण किंवा वारलेल्या भावाची पत्नी असेल. नावाआधी ‘गं. भा.’ आहे का, ‘सौ.’ आहे का, नावापुढे ‘कोम’ आणि कोणा पुरुषाचे नाव आहे का, हे पाहा. नोंदीत ‘पोटगी’ हा शब्द असेल तर ती रक्कम हक्काची आहे आणि तिच्यामागे वाटणीचा एखादा कागद असणार. कार्तिक शुद्ध द्वितीयेला त्याच नावाने ओवाळणी असेल तर प्रश्नच मिटला. तिसरे म्हणजे ती घरात काम करणारी, किंवा आई गेलेल्या मुलाला अंगावर पाजणारी बाई असू शकेल. त्याच वहीत गड्याला दरमहा काय दिले जाते ते काढून या रकमेशी तुलना करा. पगार, व्याज की मदत, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो, आणि तो पुस्तकातल्या कोणत्याही भावांपेक्षा विश्वासार्ह असतो. हप्ता कोणत्या महिन्यात सुरू झाला आणि कोणत्या महिन्यात थांबला, तेही लिहून घ्या. ज्या महिन्यात तो थांबला, त्याच महिन्यात लाकडे, तूप आणि क्रियेच्या दक्षिणेचा खर्च असेल, तर ती बाई कोणीही असो, तिचे शेवटचे याच घराने केले.

आणि इतके करूनही ती बंधूंना वाटते तीच ठरली, तर? तरीही माझा सल्ला बदलणार नाही. अठरा वर्षांच्या वहीतून अवघड पाने काढून टाकली की उरलेल्या पानांवरचाही विश्वास जातो. छापायचे की नाही हे भाऊबंदांनी एकत्र बसून ठरवावे, तो त्यांचा अधिकार आहे. परंतु वाचून, उतरवून घेऊन ठेवणे हे आपले काम आहे, आणि तेथे काटछाट नसावी.

चिमासाहेबांच्या बंडाची कथा तपासण्याची सोय मात्र वहीत फार चांगली आहे. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ च्या रात्री २७ व्या पलटणीचा उठाव झाला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहराचे दरवाजे लावून घेऊन दुसरा उठाव झाला. कर्नल ले ग्रँड जेकबने दोन्ही मोडून काढले. राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना पुढे कराचीला नेऊन ठेवले गेले आणि १८६९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे आपल्याला पाहायचे आहे ते शके १७७९ च्या श्रावणात आणि मार्गशीर्षात काय आहे, आणि त्यानंतरचे दीड वर्ष कसे गेले. त्या अवधीत वहीत खंड पडला असेल, किंवा अक्षर बदलून दुसराच कोणी लिहीत असेल, तर घरच्या कथेला मोठा आधार मिळतो. त्याच हाताने, त्याच शाईने, पौषात तीळगूळ आणि फाल्गुनात पुरणाची डाळ लिहिलेली असेल, तर हा लिहिणारा तुरुंगात नव्हता. मग तुरुंगात गेलेला माणूस त्याचा भाऊ होता का, हे पाहावे. घराण्याच्या कथा एका भावावरून दुसऱ्यावर फार सहज सरकतात. बंडाचा उल्लेख नाही यावरून मात्र काहीही ठरवू नका. ज्या दिवसांत शहरात माणसांना फाशी दिली जात होती, त्या दिवसांत सरकारच्या हाती पडू शकेल अशा कागदावर शहाणा माणूस काही लिहीत नाही.

येथून पुढे वहीबाहेर जावे लागेल. राज्य पुराभिलेख संचालनालयाची कोल्हापुरात शाखा आहे आणि संस्थानाची जुनी दप्तरे तेथे पाहायला मिळतात. तेथे जाताना ‘आमच्या घराण्याची माहिती द्या’ असे म्हणून उपयोग होत नाही. नाव, गाव, साल आणि खाते हाताशी असेल तर दप्तर मागता येते, आणि ही चारही वहीतूनच मिळतात. आपले मूळ गाव विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांपैकी एखाद्या जहागिरीत असेल, तर तेथले व्यवहार जहागिरीच्या दप्तरात असतील, हे ध्यानात ठेवा. इंग्रज सरकारशी संबंध आलेल्या प्रकरणांसाठी, आणि बंडातला कैदी त्यांतच येतो, मुंबईच्या पुराभिलेखागारातले राजकीय खात्याचे कागद पाहावे लागतात. त्या काळचे शहर आणि गावे समजून घेण्यासाठी १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटियर उपयोगी पडेल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, तेथे बसून ते वाचता येईल का याची चौकशी करा. जमिनीच्या मागे लागायचे असेल तर सातबारावर थांबू नका. जुने फेरफार मागा, कारण वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूचा काळ आणि सर्व वारस एका जागी असतात. मुलींचीही नावे कधी कधी तेथेच पहिल्यांदा दिसतात.

आपल्या मुलखात आणखी एक साधन आहे, ते म्हणजे हेळवी. सुगीनंतर बैल घेऊन दारात येणारा आणि वंशावळ वाचून दाखवणारा हेळवी आपण लहानपणी पाहिला असेल. आपल्या घराण्याचा हेळवी कोण, हे गावाकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि तो वाचत असताना ध्वनिमुद्रण करून घ्या. त्याच्या वहीत बहुतेक पुरुषांचीच साखळी असते आणि आरंभीच्या पिढ्यांत थोडा पराक्रम मिसळलेला असतो. गेल्या पाच-सहा पिढ्यांची नावे मात्र पुष्कळदा नेमकी निघतात. तसेच नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पूर्वज यात्रेला गेल्याची नोंद आपल्या कीर्दीत सापडली, तर त्या सालासह तेथे विचारणा करा. यात्रेकरूच्या सहीखाली त्याच्या भावांची व मुलांची नावे लिहून घेण्याची तेथे पद्धत होती.

वहीच्या जपणुकीविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगतो. लॅमिनेशन मुळीच करू नका. त्यातली उष्णता आणि चिकटद्रव्य कागदाला कायमचे बाधतात आणि ते पुन्हा सुटत नाही. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. काजळाची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओले फडके नको. आणि दसऱ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहण्याची इच्छा झाली, तर ते रुमालावर वाहावे. घड्यांत चकाकणारे कण दिसले तर ती शाई टिपण्यासाठी टाकलेली वाळू आहे, ती मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचे क्रमांकासह छायाचित्र घ्या आणि त्याच्या तीन प्रती तीन घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या शहरातल्या तळमजल्यांवर काय काय भिजले, हे आपल्याला सांगायला नको. मेळाव्यात मांडायला छायाचित्रांच्या मोठ्या प्रती पुरेशा आहेत. मोडीवाचकालाही छायाचित्रेच द्या, मूळ वही घराबाहेर जाऊ देऊ नका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे. त्यांत जाणकार पुष्कळ आहेत, तसे गिऱ्हाइकाला हवे ते वाचून दाखवणारेही थोडे आहेत. खरे तर आपण शिक्षिका होतात, आपल्याला वेळ आहे. मोडीचे वर्ग भरतात, एखाद्या वर्गात नाव घाला. रोज अर्धा तास दिला तर सहा महिन्यांत एकाच माणसाचे अक्षर आपल्याला त्याच्या घरच्यांइतके ओळखीचे होईल.

बंधूंना मे महिना गाठायचा आहे, आणि सबंध वही तोवर वाचून होणार नाही. तेव्हा त्यांना असे सुचवा की या मेळाव्यात कुलवृत्तान्त न छापता दोन वंशावळी शेजारी शेजारी मांडाव्यात, एक घरात सांगितली जाते ती आणि दुसरी कागदावर सापडली तेवढी, आणि जमलेल्या भाऊबंदांकडून पेन्सिलीने दुरुस्त्या घ्याव्यात. चार घरांतल्या चार म्हाताऱ्या जे सांगतील, त्यातले बरेचसे कोणत्याही दप्तरात नसते.

पुढच्या पत्रात मला दोनच गोष्टी कळवा. शके १७९३ मध्ये पणजोबांच्या जन्मतिथीच्या पुढच्या बारा दिवसांत काय खर्च लिहिला आहे, आणि त्या बाईच्या नावाआधी कोणती अक्षरे आहेत.